मीटरपाशी ठिबकतंय? पाना लावण्याआधी हे वाचा

या वेळच्या पत्रांत बरीचशी एकाच जागेबद्दल आहेत: पाण्याचा मीटर आणि त्याच्या दोन्ही बाजूंचा वीतभर पाइप. घरातला नळ गळाला तर आपण मीटरपाशी पाणी बंद करतो. पण मीटरपाशीच गळायला लागलं तर काय बंद करायचं, हेच अनेकांना कळत नाही. उत्तरांत ‘मीटरच्या अलीकडे’ असं म्हटलं आहे तिथे रस्त्याची बाजू समजावी आणि ‘पलीकडे’ म्हणजे घराची बाजू.

प्रश्न: मीटरच्या अलीकडे चाकाचा पितळी व्हॉल्व्ह आहे. त्याच्या दांड्यापाशी थेंब थेंब पाणी येतं. शेजाऱ्यांनी पाना लावून आवळून दिलं, तर गळती वाढली. आता व्हॉल्व्ह बदलावाच लागेल का? (नाशिक)

बहुधा नाही. पण आधी एक करा. व्हॉल्व्ह, मीटर आणि सगळे जोड फडक्याने कोरडे पुसा, मग प्रत्येक जोडाला वर्तमानपत्राचा तुकडा लावून बघा. पाणी वरून ओघळतं आणि सगळ्यात खालच्या जागी थेंब धरतं, त्यामुळे जिथे थेंब दिसतो तिथेच गळती असेल असं नाही. कागद पहिल्यांदा जिथे भिजेल ती खरी जागा.

ती जागा चाकाखालचा दांडा निघाली, तर दोष आतल्या ग्लँडच्या दोरीचा आहे. चाकाच्या खाली दांड्याभोवती एक छोटा षटकोनी नट असतो, तो ग्लँड नट. त्याच्या आत दांड्याभोवती गुंडाळलेली दोरी सुकली किंवा झिजली की पाणी दांड्यावरून वर चढतं. हा नट घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फक्त पाव फेरा आवळायचा आणि बघायचं. नाहीच थांबलं तर आणखी पाव. चाक फिरवायला जड जाऊ लागलं की थांबायचं. एवढ्याने भागलं नाही तर नळाला पाणी नसताना ग्लँड नट उघडून टेफ्लॉनची दोरी भरायची. व्हॉल्व्ह मीटरच्या अलीकडे असल्यामुळे हे काम पाणीपुरवठा विभागाला कळवून परवानाधारक प्लंबरकडून करून घ्या. हार्डवेअरच्या दुकानात ‘ग्लँडची दोरी’ म्हटलं की मिळते. चाकाचा व्हॉल्व्ह पूर्ण बंद करून पाणी चालू असताना ग्लँड उघडू नका, कारण या प्रकारात व्हॉल्व्ह बंद असला तरी वरच्या पोकळीत दाब राहू शकतो.

शेजाऱ्यांनी मदतच करायची म्हणून पाना लावला असणार, पण बहुधा त्यांनी ग्लँड नट न आवळता व्हॉल्व्हचं अंग पिळलं. असा पीळ व्हॉल्व्हमध्ये थांबत नाही. तो मीटरच्या कपलिंगला, म्हणजे मीटर पाइपला जोडणाऱ्या नटला जातो आणि जमिनीतल्या जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी) पाइपच्या आट्यांनाही. म्हणून नेहमी दोन पाने लागतात: एकाने पाइप किंवा शेजारचा जोड धरून ठेवायचा, दुसऱ्याने फिरवायचं. हे मी मोल देऊन शिकलो. हेल्पर असताना एका जुन्या वाड्यात मी एकाच पान्याने कॉक फिरवायला गेलो. कॉक जागचा हलला नाही, पण भिंतीतला पाइप आट्यांपाशी तुटला. पाणी यायला थोडाच वेळ उरला होता, आणि त्या दिवशी अख्ख्या वाड्याचं पाणी माझ्या हाताने वाया गेलं. कोणी मला रागावलं नाही, म्हणून ते जास्त लागलं.

गळती मीटरच्या कपलिंग नटमधून असेल तर एक चूक हमखास दिसते. लोक, आणि कधी कधी प्लंबरसुद्धा, त्या नटच्या आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळतात. त्याचा काही उपयोग नाही. तिथे पाणी आटे अडवत नाहीत, आतला चपटा रबरी वायसर अडवतो. सीलला हात लागणार नसेल तर वायसर काढून नवा घाला, त्याच्या बसण्याच्या जागेवरचा गंज आणि क्षार फडक्याने साफ करा, आणि नट आधी हाताने फिरवून मग पान्याने थोडासाच आवळा. टेफ्लॉन, किंवा जीआयवर धागा आणि सफेदा, हे पाइपच्या आट्यांसाठी असतात. तिथेही पहिला आटा मोकळा सोडा, म्हणजे टेपचे तुकडे सुटून मीटरच्या जाळीत अडकणार नाहीत.

प्रश्न: दुरुस्ती महापालिकेने करायची की आम्ही? प्लंबर म्हणतो, सील तोडल्याशिवाय काम होणार नाही. (ठाणे)

सील तोडू देऊ नका, मग प्लंबर कितीही ओळखीचा असो. मीटरवरची तार आणि सील तुटलेलं आढळलं तर मीटरशी छेडछाड केल्याचा ठपका तुमच्यावर येतो. साधारण पद्धत अशी असते: मीटरच्या पलीकडचं सगळं घरमालकाचं किंवा सोसायटीचं. अलीकडच्या कामाचा खर्च अनेक ठिकाणी ग्राहकाकडेच येतो, पण ते काम पाणीपुरवठा विभागाला कळवून आणि परवानाधारक प्लंबरकडूनच करावं लागतं. मोठ्या पाइपवर जिथे तुमचं कनेक्शन घेतलं आहे, त्या फेरूलला तर खाजगी माणसाने हातच लावायचा नाही.

वॉर्ड ऑफिसात लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. मुंबईत असाल तर १९१६ वर तक्रार नोंदवून क्रमांक लिहून ठेवा. अर्जाआधी मीटरच्या आकड्यांचा आणि सीलचा फोटो काढा. पुढे बिलाचा वाद निघाला तर तोच कामाला येतो.

प्रश्न: आमच्याकडे दिवसाआड तासभर पाणी येतं. मीटरच्या खड्ड्यात कॉक गळतो, पण तो पाणी येतं तेवढाच वेळ. एवढ्याशा गळतीसाठी खड्डा उकरायचा का? (इचलकरंजी)

हो, उकरायचा. या महिन्यातलं सगळ्यात महत्त्वाचं पत्र हेच आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

वाया जाणाऱ्या पाण्यापुरतं तुमचं म्हणणं खरं आहे. सेकंदाला एक थेंब गळत असेल आणि एक मिलिलिटरला साधारण २० थेंब धरले, तर तासात १८० मिलिलिटर होतात. चहाचे दोन कप. चोवीस तास पाणी असलेल्या घरात तेच दिवसाला ४ लिटरच्या वर जातं.

पण तुमच्याकडे प्रश्न त्या एका तासाचा नाही, उरलेल्या ४७ तासांचा आहे. पाणी बंद झालं की पाइपमधलं पाणी उताराकडे वाहून जातं आणि मागे पोकळी राहते. ती पोकळी जिथे फट सापडेल तिथून हवा ओढते. ज्या फटीतून तासभर पाणी बाहेर आलं, त्याच फटीतून नंतर आत ओढलं जातं. खड्डा कोरडा असेल तर हवा जाते. खड्ड्यात पाणी साचलं असेल, शेजारून गटार जात असेल, तर तेच आत जातं. दुसऱ्या पाळीला पाणी सुटतं तेव्हा सगळ्यात आधी हा घोट तुमच्या टाकीत येतो.

यात मोटारीची भर पडते. मीटरनंतर थेट लाइनवर मोटार लावून पाणी ओढणं बहुतेक पालिकांत बेकायदा आहे आणि मोटार जप्तही होते. पण दंडाची गोष्ट बाजूला ठेवा. मोटार चालू असताना पाइपमध्ये उलटा दाब तयार होतो, म्हणजे पाणी चालू असतानाही गळका जोड घाण आत ओढू शकतो. पाणी जमिनीखालच्या टाकीत आपल्या दाबाने पडू द्या आणि मोटार त्या टाकीवर लावा.

तुमच्या गावाला हे समजावून सांगावं लागू नये. २०१२ साली इचलकरंजीत काविळीची साथ आली होती. ती हिपॅटायटिस ई ची होती आणि हा विषाणू दूषित पाण्यातून पसरतो. २०२५ च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रस्त्याच्या भागात जीबीएसचे (गिलेन-बारे सिंड्रोम या नसांच्या आजाराचे) रुग्ण वाढले, तेव्हाही पहिला संशय पाण्यावरच गेला. या साथी कुणा एकाच्या मीटरपाशी सुरू झाल्या असं मी म्हणत नाही. पण शुद्धीकरण केंद्रातून निघालेलं चांगलं पाणी घरापर्यंत येताना जिथे बिघडू शकतं, त्यातली एक जागा तुमच्या दारातला खड्डा आहे, आणि ती तुमच्या हातातली आहे.

म्हणून आधी खड्डा उपसा. कॉक खड्ड्याच्या तळापासून वर राहील असा पाइप उचलून घ्या, तळाला विटांचे तुकडे आणि खडी टाका, वर झाकण बसवा. मग गळती काढा. दुरुस्तीनंतर पाणी आलं की पहिल्या दोन बादल्या झाडांना घाला. गावात ओटी चाचणीचं (पाण्यातला क्लोरिन तपासण्याचं) किट मिळालं तर शेवटच्या नळाचं पाणी तपासा. भारतीय मानकानुसार उरलेला क्लोरिन लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम असायला हवा. पाण्यात थेंब टाकल्यावर पिवळा रंग आलाच नाही तर ते पाणी उकळून प्या आणि पालिकेला कळवा.

दुरुस्ती होईपर्यंतचा उपाय म्हणून पुष्कळजण जोडावर सिमेंट थापतात किंवा ओल्या पाइपवर एम-सील लावतात. सिमेंटला दुसऱ्या दिवशी भेग पडते आणि पुढे जोड उघडताही येत नाही. एम-सील ओल्यावर धरत नाही. गळती सरळ पाइपवर असेल तर सायकलच्या ट्यूबची लांब पट्टी ताणून गुंडाळा आणि वर दोन क्लॅम्प लावा. हे चार दिवसांसाठी ठीक आहे, चार महिन्यांसाठी नाही.

प्रश्न: घरातले सगळे नळ बंद असताना मीटर फिरतो. गळती कुठे ते फरशी न फोडता कसं शोधू? (पुणे)

मीटरच्या तबकडीवर एक बारीक चांदणीसारखी चकती असते. थोडं पाणी गेलं तरी ती फिरते. आधी वरच्या टाकीचा बॉल कॉक पाणी नीट बंद करतो का ते बघा, कारण निम्म्या वेळा चोर तिथेच सापडतो. मग मीटरच्या पलीकडचा व्हॉल्व्ह बंद करा. चांदणी थांबली तर गळती घरात आहे. फिरतच राहिली तर मीटर आणि त्या व्हॉल्व्हच्या मधे आहे, किंवा व्हॉल्व्ह पूर्ण बंद होत नाही. रात्री झोपताना आणि सकाळी उठल्यावर आकडे लिहून ठेवा. काळे आकडे घनमीटरचे, म्हणजे एक आकडा पुढे गेला की हजार लिटर. लाल आकडे किंवा काटे त्याहून लहान भाग दाखवतात.

मीटरच्या अलीकडची गळती तुमच्या बिलात येत नाही. तरीही ती कळवा. पाणी सगळ्या गल्लीचं आहे.

प्रश्न: आमची चाळ जुनी आहे. मीटरजवळचा कॉक बदलायला गेलो, तर पाइपला हात लावताच बारीक झटका बसला. पाण्याचा आणि विजेचा काय संबंध? (मुंबई)

काम तिथेच थांबवलंत ना? नसेल तर आत्ता थांबवा. वायरमन येऊन जाईपर्यंत त्या पाइपला कोणीही हात लावू नये, मुलांना तर तिकडे फिरकू देऊ नका.

जुन्या इमारतींत विजेचं अर्थिंग जीआयच्या पाण्याच्या पाइपला बांधलेलं असायचं. कोणाच्या तरी खोलीतल्या गीझर किंवा फ्रिजमधून वीज गळत असली की तो प्रवाह पाइपवाटे जमिनीत जातो. मधला मीटर किंवा कॉक सोडवला की वाट तुटते, आणि दोन टोकं दोन हातांत धरणारा प्लंबर ती वाट बनतो. तुमच्या घरचा मेन स्विच बंद केला तरी शेजारचा चालूच असतो, म्हणून एवढ्यावर विसंबू नका.

दुसरा धोका काम संपल्यावर सुरू होतो. गंजलेला जीआय काढून प्लास्टिकचा पाइप टाकला की गळती थांबते, पण सगळ्या खोल्यांचं अर्थिंगही गेलेलं असतं, आणि हे कोणाला कळत नाही. म्हणून मीटरपाशी प्लास्टिक बसवण्याआधी चाळीसाठी स्वतंत्र अर्थिंग करून घ्या आणि प्रत्येक खोलीला आरसीसीबी (वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच) बसवा. खर्च वर्गणीतून होण्यासारखा आहे. या एका कामात चालढकल नको.

प्रश्न: आम्ही मुंबईत, घर रत्नागिरीजवळ. गणपतीला गेलो की मीटरपाशी चाकाचा व्हॉल्व्ह हमखास अडकलेला असतो आणि जोर लावला की गळायला लागतो. कोणता व्हॉल्व्ह बसवू? (डोंबिवली)

वर्षभर न हललेलं चाक क्षार आणि गंजाने धरतं. त्याला पाइप पाना लावला की दांडा तुटतो, किंवा आतली पाचर दांड्यावरून सुटते आणि चाक नुसतं फिरत राहतं. तुमच्यासारख्यांनी पितळी बॉल व्हॉल्व्ह बसवावा. दांडी पाइपच्या रेषेत असली की चालू, आडवी असली की बंद, त्यामुळे शेजारच्या काकूंना फोनवरसुद्धा समजावता येतं. विकत घेताना हातात तोलून बघा. हलका वाटला तर आटे पातळ असतात आणि आवळतानाच चिरतात. प्लास्टिकचा घेतलात तर तो उन्हात उघडा ठेवू नका, आणि प्लास्टिकच्या आत लोखंडी आटे कधी पिळून बसवू नका. त्यासाठी आत पितळेचे आटे असलेला जोड मिळतो.

निघताना व्हॉल्व्ह बंद करा आणि अंगणातला नळ क्षणभर उघडून उरलेला दाब सोडा. गावात कोणी जवळचं असेल तर दोन महिन्यांतून एकदा ती दांडी उघडून मिटवायला सांगा. अडकलेला जुना व्हॉल्व्ह या गणपतीच्या गर्दीत काढू नका. त्या दिवसांत प्लंबर मिळणं कठीण, आणि घरात पन्नास माणसं. दिवाळीनंतर एक फेरी ठेवा, पाण्याची वेळ आधी विचारून घ्या आणि पाणी गेल्यावर सकाळी कामाला लागा.