'शिवीगाळ करू नये' ही पाटी पुरेशी आहे का?

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. एका क्लबात लहान मुलांचे फुटबॉल सामने होतात. बाजूला उभ्या असलेल्या मोठ्या माणसांसाठी मराठीत पाटी लावायची म्हणून 'मैदानावर शिवीगाळ करू नये' असा मजकूर ठरला. त्यावर एका पालकांनी हरकत घेतली: "मी कुणाला शिवीगाळ केलेलीच नाही. गोल हुकला तेव्हा तोंडातून निघून गेलं, एवढंच." मग कुणी 'अपशब्द' सुचवला, कुणी 'अर्वाच्य भाषा'. यातला योग्य शब्द कोणता, आणि त्या पालकांचं म्हणणं भाषेच्या दृष्टीने बरोबर आहे का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण पहिल्याचं उत्तर त्यातच आहे. शब्दाच्या अर्थापुरतं त्या पालकांचं बरोबर आहे. वागणं बरोबर होतं असं त्यातून निघत नाही. पाटीवरचा शब्द त्यांच्या वागण्यापर्यंत पोचत नव्हता, एवढंच निघतं.

'शिवीगाळ' हा जोडशब्द आहे. त्यातला 'गाळ' म्हणजे तळाशी साचणारा गाळ नव्हे. संस्कृतात 'गालि' म्हणजे शिवी, हिंदीतली 'गाली' तीच, आणि आपल्या जोडशब्दातला 'गाळ'ही त्याच घरचा. म्हणजे 'भांडणतंटा'सारखीच इथे जवळजवळ एकाच अर्थाच्या दोन शब्दांची जोडी आहे. अशा जोड्या मराठीत एकेकट्या कृतीसाठी येत नाहीत, चाललेल्या प्रकारासाठी येतात. एका वाक्याला आपण भांडणतंटा म्हणत नाही, तशी एका शिवीला शिवीगाळही म्हणत नाही. शिवाय शिवीगाळीला समोर कुणीतरी लागतो. 'शिवीगाळ आणि मारहाण' ही जोडी फिर्यादींमधून आणि बातम्यांमधून इतकी पक्की झाली आहे, की शब्द वाचल्याबरोबर एकमेकांच्या अंगावर गेलेली दोन माणसं दिसतात. गोल हुकल्यावर आकाशाकडे बघून शिवी देणारा माणूस त्या चित्रात बसत नाही.

या बाबतीत आपली क्रियापदं फार नेमकी आहेत. 'शिवी देणे' म्हटलं की घेणारा आला: कुणाला दिली? 'शिवी हासडणे' याला तर घेणारा हवाच, आणि त्या क्रियापदात हिसकाही आहे. 'शिव्या घालणे' मात्र सैल झालं आहे. "आज कोचने खूप शिव्या घातल्या" असं मुलगा घरी येऊन सांगतो, तेव्हा कोच एकही वाईट शब्द बोललेले नसतात, नुसते रागावलेले असतात. 'शिव्या खाल्ल्या'चंही तेच. म्हणून पाटीवर 'शिव्या घालू नका' लिहिलंत तर तिचा अर्थ 'मुलांना रागावू नका' असाही होईल. तीही गरज असेल, पण ती वेगळी पाटी.

घेणारा नसलेल्या शिवीसाठी मराठीत वेगळी क्रियापदं आहेत: तोंडातून शिवी जाते, निघते, सुटते. तिन्ही अकर्मक आहेत. शिवी आपली आपण जाते, बोलणारा जणू तिथे नव्हताच. "तोंडातून निघून गेलं" म्हणणाऱ्या पालकांनी नेमकं हेच व्याकरण वापरलं आहे. त्यात तथ्य अजिबात नाही असंही नाही. वेदनेने किंवा निराशेने तोंडातून उडणारी शिवी आणि कुणावर रोखलेली शिवी या खरोखर वेगळ्या गोष्टी आहेत. इंग्लंडमधल्या कील विद्यापीठातल्या रिचर्ड स्टीफन्स आणि सहकाऱ्यांनी २००९ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात लोकांना बर्फासारख्या थंड पाण्यात हात धरायला लावला होता. साधा शब्द उच्चारताना जितका वेळ हात धरला, त्यापेक्षा शिवी उच्चारताना लोकांनी तो जास्त वेळ धरला. दोन वर्षांनी त्यांनीच दाखवलं, की रोज सतत शिव्या देणाऱ्यांना हा फायदा कमी मिळतो. तेव्हा नडगीवर बूट बसलेल्या खेळाडूच्या तोंडून शिवी गेली तर ती का गेली हे मला समजतं. रेषेबाहेर उभं राहून दर चुकलेल्या पासला शिवी उच्चारणाऱ्याला मात्र या प्रयोगाचा आधार घेता येणार नाही. त्याला तर नडगीही लागलेली नाही.

शिवी कुणाला उद्देशून नसली की ती माफ, हे फुटबॉलच्या नियमांनाही मान्य नाही. खेळाच्या नियमावलीतला बारावा नियम आक्षेपार्ह, अपमानकारक किंवा शिवराळ भाषा वापरणाऱ्याला मैदानाबाहेर काढायला सांगतो. ती कुणाला उद्देशून असली पाहिजे अशी अट त्यात नाही. २०१९-२० च्या हंगामापासून कोच आणि संघाच्या इतर पदाधिकाऱ्यांनाही कार्ड (पिवळं म्हणजे ताकीद, लाल म्हणजे बाहेर) दाखवता येतं. प्रेक्षक तेवढे कार्डाच्या कक्षेबाहेर राहतात, आणि म्हणूनच तुमच्या क्लबाला पाटी लागते.

कुणाला उद्देशून नसलेल्या शिवीचं सगळ्यांत ठळक उदाहरण एप्रिल २०११ मधलं. इंग्लंडमधल्या वेस्ट हॅम क्लबाच्या मैदानावर मँचेस्टर युनायटेडच्या वेन रूनीने तिसरा गोल केला आणि त्या आवेशात थेट टीव्हीच्या कॅमेऱ्यात शिवी दिली. नंतर दिलगिरी व्यक्त करताना त्याने दोन गोष्टी सांगितल्या. शिवी विशेष कुणाला उद्देशून नव्हती, आणि कुणी दुखावलं असेल, विशेषतः बघणारे आईवडील आणि मुलं, तर माफी असावी. त्याच्यावर दोन सामन्यांची बंदी आली. त्यातला एक एफए कप या इंग्लंडमधल्या स्पर्धेचा उपांत्य सामना होता, मँचेस्टर सिटीविरुद्धचा, आणि तो युनायटेड हरलं. मला यातली माफी महत्त्वाची वाटते. एका वाक्यात तो म्हणतो की शिवीला घेणारा नव्हता, आणि दुसऱ्यात घेणारे कोण होते तेही सांगतो. शिवी दिली कुणालाच नाही, पण पोचली मुलांना. तुमच्या पाटीला नेमकी हीच गोष्ट पकडायची आहे.

आता सुचवलेले शब्द बघू.

'अपशब्द' हा शब्द मजेशीर वाटेने आपल्याकडे आला आहे. संस्कृत व्याकरणात अपशब्द म्हणजे वाईट शब्द नव्हे, व्याकरणाला सोडून असलेला शब्द. पतंजलीने महाभाष्यात उदाहरण दिलं आहे: 'गौः' हा शब्द, आणि गावी, गोणी, गोता, गोपोतलिका हे त्याचे अपशब्द. यात शिवी कुठेच नाही, बिचारी गाय आहे. पुढे 'बिघडलेला शब्द'चा 'बिघडवणारा शब्द' झाला आणि आज मराठीत अपशब्द म्हणजे अपमान करणारा शब्द. पण तो मुख्यतः बातमीचा आणि निवेदनाचा शब्द आहे: 'अमुक यांनी तमुक यांच्याबद्दल अपशब्द वापरले.' प्रत्यक्ष काय बोलले ते छापायचं नसतं तेव्हा तो कामी येतो. त्याची व्याप्तीही मोठी आहे. 'गाढव' हा अपशब्द होऊ शकतो, पण शिवी म्हणून तो फारच सौम्य. पुन्हा, 'कुणाबद्दल' हा प्रश्न याच्याही मागे येतोच. त्यामुळे तुमच्या पालकांची पळवाट इथेही उघडी राहते.

'अर्वाच्य' अर्थाने जास्त जवळचा आहे. मूळ 'अवाच्य', म्हणजे जे बोलूच नये ते. मराठीत येताना मध्ये एक रफार घुसला आणि तोच पक्का झाला. या शब्दाचा रोख ऐकणाऱ्यावर नाही, उच्चारावर आहे, म्हणून अर्थ बरोबर बसतो. अडचण एवढीच, की नऊ वर्षांच्या मुलाला तो कळणार नाही, आणि पाटी मुलंही वाचणार आहेत. आपल्या बाजूने काय लिहिलं आहे हे मुलांना कळलं पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

'अश्लील' नको. त्याचा रोख लैंगिकतेकडे आहे, आणि जातीवरून, रंगावरून दिलेली शिवी त्याच्या बाहेर राहते. 'शिवराळ' हा सवयीचा शब्द आहे. रसाळ, केसाळ, तोंडाळ यांच्यासारखाच तो 'भरलेला' असा अर्थ देतो. एकदा शिवी गेलेला माणूस शिवराळ ठरत नाही, आणि कुणीही स्वतःला शिवराळ समजत नाही.

आत्ता 'जातीवरून, रंगावरून' असं लिहिलं, त्यातल्या 'वरून'वर थोडं थांबायला हवं. आईवरून शिवी, बहिणीवरून शिवी. शिवी दिली जाते एकाला आणि उभी असते दुसऱ्याच कुणावर. मैदानात चूक करतो पंच, आणि शिवीत येते त्याची आई, जिचा ऑफसाइडशी काही संबंध नाही. लहान मुलाला 'आई' हा शब्द आधीपासून माहीत असतो. शिवीतलं बाकी काही कळलं नाही तरी तेवढं त्याला कळतं. 'मुलांना काय कळतंय' म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यायला हवं. 'जे' आडनावाच्या टिमथी आणि क्रिस्टिन या दोन संशोधकांनी एक ते बारा वर्षांच्या मुलांच्या शिव्यांचा अभ्यास करून तो २०१३ साली प्रसिद्ध केला. शाळेत जायच्या वयापर्यंत मुलांकडे मोठ्यांसारखं शिव्या देण्याची प्राथमिक तयारी झालेली असते, असं त्यांना दिसलं. 'भ'ची बाराखडी असं आपण शिव्यांना उगाच म्हणत नाही. ती मुळाक्षरांबरोबरच कानावरून शिकली जाते.

त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट आढळली: सौम्य शब्द कितपत वाईट, याबद्दल मुलांचं आणि मोठ्यांचं मत जुळत नाही. इथून 'च्यायला'चा प्रश्न येतो, आणि तो तुमच्या मैदानावर येणारच. 'च्यायला' ही शिवी आहे का? 'तिच्या आयला', मग 'तिच्यायला', मग नुसतं 'च्यायला'. सर्वनामाचं डोकं उडालं, 'कुणाच्या' हे पुसलं गेलं, आणि शेवटचा 'ला' लोंबकळत राहिला. घेणारा शब्दातूनच कापून टाकला, म्हणून मोठ्यांना ती शिवी वाटत नाही, उद्गार वाटतो. याच्या उलट 'हात्तिच्या'. हा 'हात् तिच्या'. इथे डोकं शाबूत आहे आणि पुढचं शेपूट गेलं आहे. ज्या शब्दामुळे शिवी झाली असती तोच उरला नाही, म्हणून 'हात्तिच्या' आज आजीही नातवासमोर म्हणते आणि कुणाच्या मनात काही येत नाही. 'च्यायला'त मात्र 'आय' अजून ऐकू येते. माझं मत विचाराल तर मुलांच्या सामन्यात 'हात्तिच्या' चालावं, 'च्यायला' चालू नये. क्लबाचं मत वेगळं असू शकेल. पण ते एकदा ठरवून सगळ्यांना सांगायला हवं, नाहीतर दर सामन्याला त्यावरून वाद होईल.

आणखी एक भेद पाटीने बुजवू नये. पंचाच्या नावाने बोटं मोडणं, खडे फोडणं, "अहो, हा फाउल नाही का!" म्हणून ओरडणं, यात शिवी नाही. खेळाच्या नियमांनीही हा फरक केला आहे. शब्दाने किंवा कृतीने निर्णयाचा निषेध केला तर पिवळं कार्ड, भाषा शिवराळ झाली तर लाल. पालकांनी पंचांवर ओरडणंही तुम्हाला बंद करायचं असेल तर जरूर करा, पण ते वेगळ्या वाक्यात लिहा. दोन्ही 'गैरवर्तन' या एका शब्दात कोंबलं, की लोक त्यातला हलका अर्थ स्वतःसाठी घेतात आणि जड अर्थ शेजाऱ्यासाठी.

तर शब्द कोणता? 'शिवी'च. साधा, सगळ्यांना कळणारा आणि कुठलंही अंतर न ठेवणारा. बदलायला हवं ते क्रियापद. घेणाऱ्याकडे बघणारं 'देणे' सोडा आणि ऐकणाऱ्याकडे बघणारं क्रियापद घ्या. मराठीत ते तयारच आहे: कानावर पडणे. 'कानावर घालणे' मुद्दाम असतं, 'कानावर जाणे' बातमीचं असतं, आणि 'कानावर पडणे' नकळत असतं, ऐकणाऱ्याने न मागता. मुलांच्या बाबतीत घडतं ते नेमकं हेच. 'मुलांदेखत' मी घेणार नाही. त्यात 'देखणे' म्हणजे पाहणे आहे, आणि पाठमोरा खेळणारा मुलगाही सगळं ऐकत असतो.

माझी सूचना: 'मुलांच्या कानावर शिवी पडू देऊ नका.' नुसतं 'पडणे' म्हटलं असतं तर 'तोंडातून निघून गेलं'सारखंच इथेही बोलणारा गायब झाला असता. 'पडू देऊ नका'मुळे त्याची जबाबदारी परत येते. क्लबाच्या नियमपत्रकात जास्त काटेकोर वाक्य हवं असेल तर: 'मैदानात व मैदानाभोवती शिवी उच्चारू नये, मग ती कुणाला उद्देशून असो वा नसो.' इथे 'उच्चारू' मुद्दाम घेतलं आहे. उच्चाराला घेणारा लागत नाही, त्यामुळे त्या पालकांची हरकत उरत नाही. त्याखाली दुसरं वाक्य: 'पंचांच्या निर्णयावर बाहेरून ओरडू नये.'

दोन बारीक गोष्टी. पाटीवर 'नका' ठेवा आणि पत्रकात 'नये'. 'नये' हा नियमाचा सूर आहे, कागदावर शोभतो. 'नका' समोरच्याशी बोलतं, आणि रेषेवर उभ्या असलेल्या माणसाशी कुणीतरी बोलण्याची गरज असते. आणि अनेकवचनी 'शिव्या' लिहू नका. 'शिव्या पडू देऊ नका' म्हटलं की एखादी चालेल असा अर्थ लोक काढतात. एकवचनात ती एखादीही येते.