रेडिओवर आधी कान, मग तोंड

प्रश्न : माझी मुलगी खाजगी वैमानिकाच्या परवान्यासाठी शिकते आहे. दहावीपर्यंत मराठी माध्यम. विमान चांगलं चालवते असं तिचे सर सांगतात, पण विमानतळाच्या टॉवरशी, म्हणजे नियंत्रण कक्षाशी, रेडिओवर बोलायची वेळ आली की घशाला कोरड पडते. तिला इंग्रजी संभाषणाचा क्लास लावू का?
– एक आई, जुळे सोलापूर

उत्तर : ताई, क्लासचे पैसे वाचवा. मी टॉवरमध्ये नोकरी करून निवृत्त झालेला माणूस आहे. फाडफाड इंग्रजी बोलणाऱ्यांनी माझा जेवढा घाम काढला, तेवढा अडखळत पण मुद्द्याचं बोलणाऱ्यांनी कधी काढला नाही. आंतरराष्ट्रीय नियमांत भाषेच्या सहा पायऱ्या आहेत, त्यातली चौथी पुरते. उच्चाराला मराठी वळण असलं तरी बिघडत नाही, समोरच्याला कळलं म्हणजे झालं.

रेडिओवरचं बोलणं ठरावीक साच्याचं असतं. कोणाला हाक मारतोय, मी कोण, कुठे आहे, किती उंचीवर, काय हवंय. समजा ती अक्कलकोटच्या बाजूने येतेय. तर : ‘सोलापूर टॉवर, व्हिक्टर टँगो अल्फा ब्राव्हो चार्ली, सेसना 172, वन फाइव्ह माइल्स साउथईस्ट, थ्री थाउजंड फाइव्ह हंड्रेड फीट, इनबाउंड फॉर लँडिंग.’ बस्स. ‘व्हिक्टर टँगो अल्फा ब्राव्हो चार्ली’ म्हणजे विमानाचा नंबर VT-ABC, चुकीचं ऐकू येऊ नये म्हणून एकेका अक्षराला एकेक शब्द. सेसना 172 हा विमानाचा प्रकार. यात व्याकरण कुठे आलं? बटण दाबण्याआधी हे वाक्य मांडीवरच्या पॅडवर लिहून ठेवायला सांगा. घशाची निम्मी कोरड तिथेच जाते.

खरं काम पुढे आहे. टॉवरने दिलेला रनवे, उंची, दिशा, हवेच्या दाबाचा आकडा हे सगळं जसंच्या तसं परत म्हणून दाखवायचं. नुसतं ‘रॉजर’, म्हणजे ‘ऐकलं’, एवढंच म्हटलेलं मला कधीच चाललं नाही, कारण त्यातून तिने नेमकं काय ऐकलं ते कळत नाही. दाब 1009 सांगितला आणि तिने 1019 लावला, तर उंचीमापक जवळजवळ तीनशे फूट जास्त दाखवणार. म्हणजे तिला वाटतं त्याहून विमान तेवढं खाली. परत म्हणताना हीच चूक टॉवरच्या कानावर पडते आणि तिथल्या तिथे दुरुस्त होते.

आणि बटण दाबण्याआधी ऐकायचं, हे मी पुन्हा पुन्हा सांगेन. एका फ्रिक्वेन्सीवर एका वेळी एकालाच बोलता येतं. दोघांनी एकदम दाबलं की कर्कश शिट्टी वाजते आणि दोघांचंही बोलणं वाया जातं. 27 मार्च 1977 ला स्पेनच्या तेनेरीफ बेटावरच्या विमानतळावर दाट धुक्यात असंच झालं. केएलएम आणि पॅन ॲम या दोन कंपन्यांची विमानं एकाच रनवेवर होती. ‘थांबा, मी सांगेन’ हे टॉवरचं वाक्य आणि ‘आम्ही अजून रनवेवरच आहोत’ हे पॅन ॲमचं वाक्य एकाच वेळी निघालं. केएलएमच्या कॉकपिटमध्ये ‘ओके’ आणि पाठोपाठ शिट्टी एवढंच धड पोचलं. केएलएमचं विमान तसंच सुटलं आणि पॅन ॲमच्या विमानावर आदळलं. 583 माणसं गेली. तेव्हापासून ‘टेक-ऑफ’ हा शब्द प्रत्यक्ष परवानगी देताना किंवा रद्द करतानाच वापरायचा, असा दंडक पडला.

ऐकण्याच्या बाबतीत तुमची लेक मागे नाही, ताई. अशोक चौकात तेलुगू, अक्कलकोट रोडला कन्नड, घरी मराठी : सोलापुरात वाढलेल्या पोरीचा कान आधीच तयार असतो. सराव घरीच करा. तुम्ही स्वयंपाक करता करता आकडे वाचा, तिने लिहून घेऊन परत म्हणावं. सात रस्त्याच्या सिग्नलला थांबलात की पुढच्या गाडीची पाटी तिला वाचायला लावा : ‘माइक हॉटेल वन थ्री’ अशी. पंधरवड्यात फरक दिसेल.

परीक्षेचंही सांगतो. रेडिओवर बोलायला वेगळा परवाना लागतो. पूर्वी ते काम दूरसंचार खात्याकडे होतं. भारतीय वायुयान अधिनियम, 2024 आल्यापासून ते डीजीसीएकडे, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडे, गेलंय, त्यामुळे जुन्या पुस्तकांतल्या अर्जाच्या माहितीवर विसंबू नका.

प्रश्न : हवेत असताना रेडिओच बंद पडला तर?
– एक विद्यार्थी, होटगी रोड

उत्तर : आधी आवाजाचं बटण, हेडफोनची पिन आणि फ्रिक्वेन्सी तपासायची. बहुतेक वेळा गडबड तिथेच असते. तरीही मुकाच राहिला तर ट्रान्सपाँडरवर, म्हणजे रडारला विमानाची ओळख सांगणाऱ्या यंत्रावर, 7600 हा रेडिओ बंद पडल्याचा आकडा लावायचा, म्हणजे रडार असेल तिथे कळतं. मग विमानतळाजवळ येऊन टॉवरच्या दिव्याकडे लक्ष ठेवायचं. स्थिर हिरवा म्हणजे उतरायला परवानगी, स्थिर लाल म्हणजे दुसऱ्याला वाट देऊन घिरट्या घालत राहा, लुकलुकता लाल म्हणजे इथे उतरू नका. दिवा दिसल्याची पोच दिवसा पंख डोलवून द्यायची, रात्री लँडिंग लाइट दोनदा लावून-विझवून.