मुलगी माझ्या रक्ताची नाही म्हणून माया येत नाही का?

ताई, मी 34 वर्षांचा, मुलुंडला राहतो. वर्षापूर्वी लग्न झालं, बायकोला आधीच्या लग्नाची सहा वर्षांची मुलगी आहे, मला काका म्हणते. गुणी आहे पोर, पण भाच्याला साधं खरचटलं तरी माझा जीव खालीवर होतो तसं हिच्या बाबतीत होत नाही. रात्री ती खोकते, बायको उठून कोमट पाणी देते, मी कूस बदलतो. भावाने रील पाठवली, सिंह दुसऱ्याचे छावे मारतो, पुरुषाच्या जीन्समध्ये पण तेच. मी तसाच आहे का?

सिंहाचं खरं आहे, ते आधीच सांगते. नवा नर आला की आधीच्याची पिल्लं मारतो, म्हणजे माद्या लवकर पुन्हा माजावर येतात. आपल्या वानरांमध्येही होतं हे, सारा हर्डी नावाच्या अमेरिकन बाई 1970च्या दशकात माउंट अबूला वानरांच्या टोळ्यांमागे फिरल्या आणि त्यामागचं हे कारण त्यांनी मांडलं. पण रीलवाल्याने पुढचं सांगितलंच नाही ना! याच बाई नंतर माणसाकडे वळल्या आणि म्हणाल्या की माणसाचं पोर इतकं उशिरा हाताशी येतं की एकट्या आईच्याने ते वाढणं शक्यच नव्हतं, आजी, मावश्या, मोठी भावंडं, वस्तीतली बाकीची माणसं, सगळ्यांनी मिळून वाढवलंय ते. चिंपांझीची आई सुरुवातीचे कित्येक महिने पिल्लू कुणाच्या हातात देत नाही, आणि आपल्याकडे बारशाला बाळ किती हातांतून फिरतं बघ. दुसऱ्याचं पोर उचलून घ्यायची ओढसुद्धा आपल्यात फार जुनी आहे रे.

आता भाच्याचं. नात्यात माया जास्त असते हे खोटं नाही, हॅमिल्टन नावाच्या जीवशास्त्रज्ञाने 1964 साली त्याचं गणितच मांडलं, भाच्याशी तुझे सरासरी पाव जीन्स जुळतात. पण शरीराला काय डीएनएचा रिपोर्ट वाचता येतो का? त्याला कळतं ते कुणाला कडेवर घेतलं, कुणासाठी जागलो. तूच लिहिलंयस, बहीण बाळंतपणाला आली ती दोन वर्षं तुमच्याकडेच राहिली आणि त्याची लंगोटं तू बदललीस. त्या दोन वर्षांची माया आहे ती, आणि हिला येऊन एकच वर्ष झालंय, तेही ती बोलायला-चालायला लागल्यानंतर. फिलिपिन्समध्ये सेबूच्या शेकडो पुरुषांवरचा अभ्यास 2011 साली आला, बाप झाल्यावर टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी हार्मोन उतरतं, आणि जे रोज तीन-तीन तास पोरांचं करत होते त्यांचं आणखी कमी दिसलं. ते सख्खे बाप होते, मान्य, पण नुसतं रक्ताचं नातं असतं तर करणाऱ्यात आणि न करणाऱ्यात फरक कशाला दिसला असता?

आणि तुझ्या पत्रात एक गोष्ट तू ओझरती लिहून पुढे गेलायस, मी तिथेच थांबले. दादरला ऐनवेळी प्लॅटफॉर्म बदलल्याची अनाउन्समेंट झाली, गर्दी उसळली, तू तिला उचलून पुलावर नेलंस आणि वर गेल्यावर कळलं की लॅपटॉपची बॅग खालीच राहिली.

तिने बाबा म्हणावं असा हट्ट कुणी धरू नका, काकाच राहू दे. तिचं रोजचं एक काम मात्र पूर्ण तुझं घे, शाळेची वेणी म्हण, डबा म्हण, वेणी वाकडी झाली तरी चालेल, आणि बायकोला सांग की मध्ये येऊन सरळ करू नकोस. आज रात्री खोकला आला की तू ऊठ. पाणी कोमट लागतं हे तुला माहितीच आहे.