वाचक विचारतात : इंजिन धुवावे की पुसावे?

प्रश्न : आमची जुनी डिझेल मोटार कापसाच्या हंगामात रोज जिनिंगच्या आवारात उभी असते. बॉनेटखाली काळ्या मातीची धूळ, रुईचे पुंजके आणि एका बाजूला तेलाचा थर साचला आहे. गॅरेजमधील मिस्त्री रॉकेल मारून प्रेशर वॉशरने इंजिन धुऊन देण्यास तयार आहेत. तसे करून घ्यावे काय?
– एक वाचक, चोपडा

उत्तर : करून घेऊ नये. आपण वर्णन केलेली बहुतेक घाण कोरडी आहे आणि ती कोरडीच काढली पाहिजे, कारण काळ्या मातीच्या धुळीवर पाणी पडले की तिचा चिखल होऊन तो वायरींच्या जोडांत व खाचांत जाऊन बसतो. रुईची गोष्ट अधिक गंभीर आहे. एक्झॉस्टच्या किंवा टर्बोच्या तापलेल्या भागावर अडकलेली रुई पेट घेऊ शकते, आणि एसीच्या कंडेन्सरवर तिचा थर बसला की हवा अडते, एसी नीट गार करत नाही व इंजिनही तापू लागते.

हे काम रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडीवर सकाळीच करावे. तापलेल्या बिडाच्या मॅनिफोल्डवर (इंजिनातील धूर एकत्र करून बाहेर नेणाऱ्या भागावर) गार पाणी पडल्यास त्याला तडा जाऊ शकतो, शिवाय गरम इंजिनावर हात भाजतात ते वेगळेच. प्रथम चावी काढून ठेवावी, कारण काही गाड्यांत इंजिन बंद असतानाही रेडिएटरचा पंखा आपोआप सुरू होतो. मग बॅटरीचे ऋण टोक आधी सोडावे व जोडताना ते सर्वांत शेवटी जोडावे. धन टोक आधी सोडू गेल्यास पाना गाडीच्या पत्र्याला लागून ठिणगी उडण्याचा धोका असतो.

पुंजके हाताने वेचून, उरलेली धूळ मऊ ब्रशने व ब्लोअरने काढावी. कंडेन्सर आणि रेडिएटरच्या जाळीत हवा इंजिनाच्या बाजूने पुढे मारावी, म्हणजे अडकलेली रुई आली त्या वाटेने बाहेर पडते. कॉम्प्रेसरची नळी मात्र फार जवळ धरू नये, नाहीतर जाळीच्या नाजूक पात्या वाकतात. उंदरांचे घरटे सापडल्यास मास्क व हातमोजे घालूनच ते काढावे आणि जवळच्या वायरी कुरतडलेल्या नाहीत ना, हे पाहावे.

तेलाचा थर तेवढा ओल्या सफाईचा आहे, परंतु तो पुसण्यापूर्वी तेल कुठून येते हे मिस्त्रींकडून तपासून घ्यावे. अशा जुन्या गाडीत टॅपेट कव्हरचे (इंजिनाच्या वरच्या झाकणाचे) पॅकिंग गळत असण्याची शक्यता असते आणि थर धुऊन टाकला की गळतीचा माग पुसला जातो. त्यानंतर अल्टरनेटर, फ्यूज बॉक्स, ईसीयू (इंजिनाचे नियंत्रण करणारा संगणक), वायरींचे जोड व एअर फिल्टरचे तोंड प्लॅस्टिकच्या पिशवीने झाकून, डीग्रीझर (तेलकटपणा काढणारे द्रावण) फक्त तेलकट भागावर लावावे, ते काही मिनिटांनी ब्रशने घासावे आणि ओल्या फडक्याने पुसून घ्यावे. इंजिनाच्या फिरत्या पट्ट्यावर (बेल्टवर) ते उडू देऊ नये. उन्हात डीग्रीझर लगेच वाळून डाग राहतात. आपल्याकडचे ऊन लक्षात घेता हे सांगणे भाग आहे.

रॉकेलबाबत तर तडजोड नकोच. साधारण ३८ अंश सेल्सियसच्या आसपास त्याची वाफ पेट घेण्याजोगी होते, आणि जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात सावलीतला पारादेखील त्यापलीकडे जातो. बंदिस्त, गरम बॉनेटखाली ते फवारणे म्हणजे आगीला आमंत्रण होय, आणि त्याने रबरी नळ्याही फुगून खराब होतात. प्रेशर वॉशरचा झोत वायरींच्या जोडांच्या रबरी सीलमधून आत शिरतो. त्याचा परिणाम कित्येकदा काही दिवसांनी दिसतो, तेव्हा धुण्याचा कोणाला संशयही येत नाही.

प्रश्न : माझी पेट्रोल गाडी बाहेरून इंजिन धुऊन घेतल्यापासून हिसके देत चालते. काय करावे?
– एक वाचक, अमळनेर

उत्तर : स्पार्क प्लगच्या खोबणीत पाणी साचले असण्याची शक्यता सर्वाधिक आहे. गाडी तशीच चालवत राहू नये, कारण न जळलेले पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेत जाऊन तेथील कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुरातील विषारी वायू कमी करणारा भाग) निकामी करू शकते. इंजिन थंड झाल्यावर बॅटरी सोडून इग्निशन कॉइल (प्लगला ठिणगीसाठी वीज देणारे भाग) काढाव्यात, प्लग जागेवरच असू देऊन खोबणीतील पाणी हवेने उडवावे, आणि कॉइल व जोड पूर्ण वाळल्यावरच परत बसवावेत. तरीही हिसके येत राहिले, तर एखादी कॉइल बदलावी लागेल.