ऑस्टिओपॉन्टिनवर काम सुरू करतेयस, तर हे आधी ऐक

नावात हाड आहे म्हणून हे प्रथिन हाडापुरतंच समजू नकोस. १९७९ मध्ये ते पहिल्यांदा दिसलं ते कर्करोगासारख्या बदललेल्या पेशींनी बाहेर सोडलेलं. ‘हाडातला पूल’ अशा अर्थाचं नाव नंतर पडलं. आणि पूलच आहे ते. एका बाजूनं हाडातल्या खनिजाला धरतं, दुसऱ्या बाजूनं पेशीवरच्या इंटेग्रिन नावाच्या चिकटून धरणाऱ्या प्रथिनाला. हीच पकड वापरून कर्करोगाच्या गाठीतल्या पेशी जागा सोडून पसरतात.

रक्ताचा नमुना मात्र जपून घे. साध्या नळीत रक्त गोठायला लागलं की थ्रॉम्बिन हे रक्त गोठवणारं विकर तयार होतं, आणि तेच या प्रथिनाचे तुकडे करतं. म्हणून ईडीटीएची, म्हणजे रक्त गोठू न देणाऱ्या रसायनाची, नळी घे आणि लगेच बर्फात ठेव. पहिल्या वर्षी भर मे महिन्यात मी जालन्याहून संभाजीनगरला नमुने आणले, तर करमाडपर्यंतच डब्यातल्या बर्फाचं पाणी झालं. सगळे टाकावे लागले. दुखण्यानं खंगलेल्या बायांनी विश्वासानं हात पुढे केला होता गं, ते अजून सलतं.

आणि रक्तात या प्रथिनाची पातळी वाढली म्हणजे कॅन्सरच, असं कुणाला सांगू नकोस. क्षयरोगात, आमवातातही ती वाढते.