खोडलेलं वाक्य

प्रिय,

तुझी कथा आधी वाचली, पत्र मागाहून. तसं झालं ते बरंच झालं. ‘साहित्याचं शिक्षण नाही, मग मला लिहायचा अधिकार काय?’ हे तुझं वाक्य आधी वाचनात आलं असतं, तर कथाही कदाचित मी तशाच धास्तावलेल्या नजरेने वाचली असती.

शिक्षणाचं म्हणशील, तर अण्णा भाऊ साठे यांची शाळा दीड दिवसाची. बहिणाबाई चौधरींना अक्षरओळख नव्हती. त्यांच्या ओव्या घरच्यांनी टिपून ठेवल्या आणि पुस्तक निघालं १९५२ मध्ये, त्या गेल्यानंतरच्या वर्षी. ही नावं लोक धीर द्यायला सांगतात: त्यांना जमलं, तुलाही जमेल. मला तसं म्हणायचं नाही. ही माणसं शाळेत गेली नसतील, पण त्यांची तयारी मोठी होती. बहिणाबाईंनी जात्यावर बसून ओव्या म्हटल्या. अण्णा भाऊ तमाशाच्या फडात वावरले. समोरचा माणूस कुठे हसतो आणि कुठे चुळबुळ करतो, ते त्यांनी डोळ्यांनी पाहिलं. त्यांचा कान तयार झालेला होता. घरातलं बोलणं, भांडणं, रडणं ऐकत तुझाही होत आलाय. पण तू त्याचं ऐकत नाहीस, आणि याचा पुरावा तुझ्याच तिसऱ्या पानावर आहे.

आजी गेल्यानंतरचा तो परिच्छेद. तिथे तू लिहिलंस, ‘आजोबांवर दुःखाचा डोंगर कोसळला.’ त्याच्या वर एक ओळ खोडलेली आहे. पान उजेडाकडे धरलं तेव्हा वाचता आली: ‘दुपारी रेडिओ लावला की आजोबा अजूनही आवाज बारीक करतात.’ समासात तू शेरा मारलास, ‘फारच साधं.’

मी ती ओळ पुन्हा पुन्हा वाचली. आजी दुपारी झोपायची, हे तू पहिल्या पानावर सहज सांगून ठेवलंस, हे लेखकाचं नशीबच म्हणायचं. त्यामुळे इथे काहीच समजावून सांगावं लागत नाही. ही ओळ ज्याने पाहिलंय त्यालाच सुचते. डोंगर कोणालाही आणता येतो. आणि तू डोंगर ठेवलास, कारण तो ‘साहित्या’सारखा दिसतो.

तुझ्या शंकेचं हेच झालंय. ‘मी लेखक आहे का?’ असं ती विचारत राहते. तीस वर्षं लिहूनही याचं उत्तर मला देता आलेलं नाही. माझी पहिली कथा एका संपादकांनी परत केली, तेव्हा याच प्रश्नापायी मी आठ महिने कागदाला हात लावला नाही. ते आठ महिने अजूनही सलतात. शंका गेली नाही, जाणारही नाही. मी फक्त तिला वाक्याकडे वळवलं: हे असंच घडलं का? आजोबा असंच करतात का? याचं उत्तर बहुतेक वेळा मिळतं, कधी दहा मिनिटांत, कधी दोन दिवसांनी.

तुला ऱ्हस्व-दीर्घाचीही भीती वाटते, ती मात्र लवकर मिटव. साहित्य महामंडळाचे १९६२ चे १४ नियम आणि १९७२ चे ४, असे सगळे मिळून १८. रोज एक घेतलास तरी तीन आठवड्यांच्या आत होतात. पात्रांच्या तोंडची बोली मात्र आहे तशीच राहू दे. आजोबांना पुस्तकी बोलायला लावू नकोस.

आणि मोठ्याने वाच. कुजबुजत नको, शेजारच्या खोलीत ऐकू जाईल एवढ्या आवाजात. जिथे जीभ अडखळेल किंवा स्वतःचीच लाज वाटेल, तिथे पेन्सिलने खूण कर. लगेच दुरुस्त करू नकोस. दुसऱ्या दिवशी फक्त त्या खुणांपाशी बस.

तिसरं पान परत पाठवतोय. डोंगराखाली मी रेघ ओढली आहे, बाकी कुठेही हात लावलेला नाही. रेडिओची ओळ जागेवर आण आणि पुढचा परिच्छेद तिथून लिही. त्या दुपारी रेडिओवर काय चाललं होतं, ते मला वाचायचंय.

तुझा,
काका