पोस्टडॉकसाठी केळीवर उचल?

यावल तालुक्यातल्या एका ताईंचा प्रश्न आहे. रसायनशास्त्रात पीएच.डी., वय 31, भुसावळच्या कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवतात. युरोपात ‘हमखास’ पोस्टडॉक लावून देतो म्हणून एक एजंट 4 लाख मागतोय. आप्पा म्हणतात, केळीच्या व्यापाऱ्याकडून उचल घेऊ, कमी पडले तर आईची पोत गहाण ठेवू. ताईंकडे स्वतःची 2.8 लाखांची एफडी आहे.

ताई, एजंटला रुपयाही देऊ नका. पोस्टडॉक ही पीएच.डी.नंतरची संशोधनाची नोकरी आहे. पैसे तुम्हाला मिळायचे, तुम्ही द्यायचे नाहीत. निवड प्रयोगशाळेचा प्रमुख करतो आणि तो तुमचे पेपर बघतो. मागे एक जण असेच पैसे भरून माझ्याकडे आला होता. एजंटने काय केलं? दोनशे प्राध्यापकांना एकच मेल, ‘डिअर सर’ने सुरू होणारा. त्यात कितीतरी मॅडम होत्या!

उचलीचं तर बोलूच नका. एकदा घेतली की काढणीच्या वेळी भावावर बोलायची सोय राहत नाही. मे-जूनच्या वादळात बाग आडवी झाली, तर माल गेला आणि उचल अंगावर.

शोधायचं काम तुमचं तुम्हीच करा, त्याला फक्त वेळ लागतो. ‘युरॅक्सेस’ या युरोपीय पोर्टलवर जाहिराती फुकट दिसतात. रोज दोनच मेल पाठवा, पण समोरच्याचा ताजा पेपर वाचून. कोणतं उपकरण तुम्ही स्वतः चालवलंय ते पहिल्या चार ओळींत येऊ द्या. युरोपीय संघाच्या मारी क्युरी पोस्टडॉक फेलोशिपची मुदत साधारण सप्टेंबरात संपते. तिथे अर्ज यजमान संस्थेसोबतच करावा लागतो, म्हणून प्राध्यापकाशी बोलणं उन्हाळ्यातच सुरू व्हायला हवं.

खरा खर्च नोकरी लागल्यावरचा. जर्मनीचंच घ्या: घरमालक तीन महिन्यांच्या मूळ भाड्याइतकी अनामत मागू शकतो, आणि पहिला पगार महिनाअखेरीस. खोली 500 युरोची धरली तर अनामतच 1,500 युरो. तिकीट, व्हिसा, पहिल्या महिन्याचं खाणंपिणं धरून तीनेक लाख हाताशी हवेत. एफडी मोडू नका, तिच्यावर कर्ज घ्या; पगार सुरू झाला की काही महिन्यांत फिटेल. थोडं कमी पडलं तर ते आप्पांकडून हातउसने. प्रवासखर्च देता का, हे ऑफर आल्यावर बिनधास्त विचारा. बऱ्याच ठिकाणी मिळतो, आपलेच लोक विचारायला लाजतात.

तोवर पुण्या-मुंबईतल्या प्रकल्पांत रिसर्च असोसिएटच्या जागा बघा. केंद्राच्या 2023 च्या दरांनुसार सुरुवात महिना 58,000 रुपयांपासून, घरभाडं वेगळं. तासिकांच्या मानधनापेक्षा ते बरं, शिवाय पेपर निघत राहतात.

आणि कॉलेजकडे मागचं मानधन थकलं असेल, तर राजीनाम्याआधी वसूल करा. गाव सोडल्यावर त्या बिलामागे आप्पांनाच भुसावळच्या चकरा माराव्या लागतील.